हाकेच्या अंतरावर

पंढरपुरात महाद्वाराच्या चौकात पोचलो, तशी आई एका तुळशीमाळांच्या दुकानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "तू जा बारीत. मी इथनंच कळस बघते."

तिचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते. साताऱ्याहून एसटीनं येतानाच तिनं हे मनाशी ठरवलं असावं. पंढरीची ही मोठी माया आहे. तासन् तास बारीत उभं राहायची ताकद असेल तर पायांवर डोकं ठेवायचं. तेवढा वेळ नसेल तर लांबून मुखदर्शन घ्यायचं. आणि तेही झेपणार नसेल तर कळसाला हात जोडून माघारी फिरायचं. आषाढीला आलेल्या लाखोंपैकी कितीतरी माणसं कळस पाहूनच गावाकडे वळतात आणि वारी पोचली असं मनापासून मानतात. लांबून पाहण्याला इतका मान देणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

पण आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि डाव्याचा नंबर वाढला होता. तिनं कपाळावर आडवा हात धरून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "टोक कुठं आलं गं त्याचं?"

मी पर्समधून कॅमेरा काढला. बटण दाबल्यावर त्याची भिंगाची नळी बारीक घरघर करत बाहेर आली, आणखी बाहेर आली. शिखर वर सरकत गेलं, मग नुसता कळस उरला आणि कळसाच्या बाजूला बसलेलं एक कबुतर. कोपर दुकानाच्या खांबाला टेकवून मी फोटो घेतला आणि पडद्यावर ऊन पडू नये म्हणून पदराचा आडोसा करून तिच्यापुढे धरला. ती बघत राहिली. "कबुतर बसलंय," ती म्हणाली. मग तिनं तो कॅमेरा दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

मी त्या दिवशी बारीत गेले नाही.

हा कॅमेरा मी २०१६च्या दिवाळीत घेतला. वजन २७० ग्रॅम, साखरेच्या पावकिलोच्या पुडीहून जरासं जास्त. बंद असला की साबणाच्या वडीएवढा. चालू केला की त्याची नळी एकातून एक बाहेर येते, प्रवासात न्यायचा घडीचा पेला उलगडतो तशी. जाहिरातीच्या भाषेत तो २४ ते ९६० मिलिमीटर, म्हणजे ४० पट झूमचा. हे आकडे खरे तर जुन्या रोलच्या कॅमेऱ्याच्या मापात सांगितलेले असतात. प्रत्यक्षात भिंगाचं नाभीय अंतर एका टोकाला ४.३ आणि दुसऱ्या टोकाला १७२ मिलिमीटर एवढंच आहे. मग चाळीस पटींची करामत होते कशी? तर आतला सेन्सर, ज्यावर चित्र उमटतं तो तुकडा, फार लहान असतो म्हणून. साधारण ६.२ मिलिमीटर लांब आणि ४.६ रुंद, माझ्या करंगळीच्या नखाहूनही लहान. रोलच्या एका चौकटीचं माप ३६ बाय २४ मिलिमीटर. क्षेत्रफळानं ती चौकट अशा तीस तुकड्यांएवढी. एवढ्याशा खिडकीतून पाहायचं म्हणूनच एवढंसं भिंग पुरतं आणि पूर्ण संसार पर्समध्ये मावतो.

त्याची किंमत संध्याकाळी मोजावी लागते. भिंग आखडलेलं असताना त्याचं तोंड एफ ३.३ इतकं उघडतं, पूर्ण लांबवलं की ६.९. म्हणजे लांबच्या टोकाला प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो, आणि तो झेलायला तेवढंसंच नख. तिन्हीसांजा झाल्या की या कॅमेऱ्याचा जीव थकतो. फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात, पानांची टोकं विरघळतात. मी ते मान्य केलं आहे. दिवेलागणीला मी त्याच्याकडून लांबचं काही मागत नाही.

आमच्या घरात बाबांचा रोलचा कॅमेरा होता. त्याला झूम नव्हता. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याला झूम पहिल्यांदा आला १९८६ साली, पेंटॅक्सनं आणला तो, आणि तोही ३५ ते ७० मिलिमीटर, जेमतेम दुप्पट. आमच्यापर्यंत तो कधी पोचला नाही. एका रोलात छत्तीस फोटो, आणि ते गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचे. त्यामुळे बाबा बटण दाबण्याआधी पुष्कळ चालायचे. दोन पावलं पुढे, थोडं डावीकडे, परत एक पाऊल मागे, मग गुडघा टेकून. आम्ही उन्हात डोळे बारीक करून उभे आणि आई पदर सारखा करत म्हणायची, "आता काढा की हो." फोटो धुऊन यायचे तेव्हा लक्षात यायचं की ती सगळी पावलं फोटोत आलेली आहेत.

पुढे २००६ मध्ये पॅनासॉनिकनं टीझेड नावाची मालिका सुरू केली, दहा पट झूमची, प्रवाशांसाठी. मग सगळ्यांनीच तसे कॅमेरे काढले, दहाचे चौदा, वीस, तीस, चाळीस झाले. २०१० साली जगात डिजिटल कॅमेऱ्यांची वर्षाची विक्री १२ कोटी नगांच्या वर गेली होती, आणि त्यातले बहुतेक असे खिशातलेच होते. २०२० मध्ये सगळे मिळून एक कोटीसुद्धा भरले नाहीत. फोननं त्यांची जागा घेतली. मैत्रिणी मला विचारतात, फोन असताना हे वेगळं ओझं कशाला? माझ्या साध्या फोनमधला झूम बराचसा डिजिटल असतो, म्हणजे आधी काढलेल्या चित्राचा तुकडा ताणून मोठा केलेला. पातळ केलेल्या आमटीसारखा तो वाढतो, पण त्यात डाळ वाढत नाही. माझ्या कॅमेऱ्यातही तशी सोय आहे, ती मी पहिल्याच दिवशी बंद करून ठेवली. भिंग जितकं लांब जातं तितकंच मी जाते.

घराच्या मागे निलगिरीचं झाड आहे. जानेवारीत त्यावर घारीच्या जोडीनं घरटं बांधायला घेतलं. मागच्या गॅलरीतून ते साध्या डोळ्यांना काटक्यांचा भारा दिसायचं. कॅमेऱ्यातून त्यात एक जग होतं. घारी घरट्यात चिंध्या, कागद, प्लॅस्टिक काय काय आणून अंथरतात. एका सकाळी मी फोटो आईला दाखवला, तर ती चष्मा वर सरकवून म्हणाली, "हे आपलं निळं फडकं! ओट्याचं!" तोवर तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. महिनाभर हरवलेलं फडकं काटक्यांच्या मधोमध नीट पसरलेलं होतं आणि त्याच्यावर घार बसली होती. त्या दिवसापासून ते घरटं आमचं झालं. आई सकाळी चहा टाकायच्या आधी विचारायची, "घारीचं काय?"

मग मी गॅलरीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवायचे. ९६० मिलिमीटरला चित्र धरून ठेवणं सोपं नसतं. जुना ठोकताळा असा की जेवढे मिलिमीटर, सेकंदाचा तेवढावा भाग शटर ठेवावं, म्हणजे इथं सेकंदाचा हजारावा. सकाळच्या कोवळ्या उजेडात एवढं परवडत नाही. तिथं आतली कंपरोधक यंत्रणा सांभाळून घेते. हात हलला की एक बारीक जायरो ते ओळखतो आणि भिंगाचा एक भाग उलट्या दिशेनं सरकतो. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बाईचं सगळं अंग डुलतं आणि घागर मात्र स्थिर असते, तसं. तरी आपण श्वास रोखतोच. फेब्रुवारीच्या अखेरीस निळ्या फडक्याच्या कडेवर पहिलं पांढुरकं डोकं दिसलं. मग दुसरं. आईचं एक वाक्य मला अजून आठवतं. ती म्हणाली, "तिला कळत नाही ना, आपण बघतोय ते? मग बरं."

उन्हाळा वाढला तसं सकाळी दहानंतर काही दिसेनासं झालं. मधल्या पत्र्यांवरून गरम हवा वर चढते आणि लांबचं सगळं पाण्यात पडल्यासारखं हलतं. भिंग कितीही चांगलं असो, मधल्या हवेपुढे त्याचं चालत नाही.

एवढ्या लांब जाणारा हा कॅमेरा जवळही तितकाच येतो, हे मला कासला कळलं. झूम पूर्ण आखडून घेतला की तो एका सेंटिमीटरवरच्या वस्तूवर नजर ठरवतो. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, त्यात कासचं पठार आलं. माणसं लोटली, आणि फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून बंधनं आली. मला ती बंधनं योग्य वाटतात. कातळावर इंच-दोन इंच मातीत चार महिन्यांपुरतं उगवणारं ते जग एका चपलेखाली संपतं. वाटेवर उभं राहूनच मी तेरड्याचा गुलाबी पट्टा लांबून जवळ ओढला, आणि मग पायाशी, वाटेच्या कडेलाच, सीतेची आसवं दिसली. निळसर जांभळं, नखाएवढं फूल. उकिडवं बसून भिंग जवळजवळ फुलाला टेकवलं. त्याच्या पाकळीवर पांढरी नक्षी आहे हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. एवढं नाजूक दिसणारं हे फूल कीटकभक्षी आहे. खाली ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या असतात आणि त्या इवलेसे जीव ओढून घेतात. ते मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथं जाणकाराचंच बोट लागतं.

परतताना यवतेश्वरच्या घाटात थांबले. खाली सातारा, पलीकडे अजिंक्यतारा. झूम लावला तशी किल्ल्याची तटबंदी घरांच्या गच्च्यांना येऊन टेकली, जणू धुणं वाळत घालता घालता तटाला हात लावता येईल. याला पुष्कळजण भिंगाची जादू म्हणतात. मीही म्हणायचे. मग एका रात्री स्वस्थ बसून मी दोन फोटो शेजारी ठेवून पाहिले, एक आखूड भिंगाचा आणि एक लांबवलेला. आखूड भिंगाच्या फोटोतला तेवढाच तुकडा कापून मोठा केला, तर गच्ची आणि तट यांचं नातं तिथंही अगदी तसंच होतं. चित्र भुरकट, पण मांडणी तीच. म्हणजे भिंगानं काहीच जवळ आणलं नव्हतं. दोन्ही गोष्टी माझ्यापासून फार लांब होत्या, म्हणून त्यांच्या मधलं अंतर मला कमी दिसत होतं, एवढंच. आपण जिथं उभे असतो तिथूनच दिसणारं जग झूम कापून मोठं करून देतो. गच्चीवरच्या माणसाला तट जसा दिसतो तसा बघायचा असेल, तर त्या गच्चीवर जावं लागेल.

हे समजल्यावर मी पहिल्यांदा थोडी खिन्न झाले होते.

वाईला एकदा गणपतीच्या घाटावर सकाळी बसले होते. कृष्णेला पाणी बेताचं होतं. पलीकडच्या काठावर एक बाई पायऱ्यांवर एकटीच होती, धुण्याची बादली बाजूला, आणि ती रडत होती. साध्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं. मला दिसलं ते भिंगातून. नजर ठरल्याची हिरवी चौकट तिच्या चेहऱ्यावर उमटली, उजेड सुंदर होता, पाण्याची झिलई गालावर पडली होती. बोट बटणावर होतं. घारीला कळत नाही तर बरं, असं आई म्हणाली होती. या बाईला कळत नव्हतं, आणि ते बरं नव्हतं. मी कॅमेरा बंद केला, नळी आत गेली, आणि ती बाई पुन्हा पलीकडच्या काठावर, तिच्या जागी गेली. तेव्हापासून अनोळखी माणसांचा फोटो मी लांबून घेत नाही. स्टँडवर गजरे विकणाऱ्या मावशींजवळ जाते, आधी गजरा घेते, मग विचारते, "मावशी, एक फोटो काढू?" त्या केस सारखे करतात, चेहरा थोडा ताठ होतो. होऊ दे. पुढच्या खेपेला फोटोची प्रत नेऊन देते. दिलेल्या अशा प्रतींपैकी एक एका टपरीत, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी लावलेली मी पाहिली आहे.

आईच्या बाबतीत मात्र मी हा नियम पाळला नाही, आणि ती गोष्ट नियम ठरण्याच्या आधीची आहे.

पंढरपूरनंतर महिन्याभरानं, डिसेंबरात, आम्ही हर्णैला गेलो. आईला समुद्र बघायचा होता. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. दुपारी मी कनकदुर्गाच्या उंचवट्यावर गेले. तिला पायऱ्या चढणं शक्य नव्हतं, म्हणून ती खाली किनाऱ्यावरच थांबली, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत. वरून समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसत होता. त्याचे मनासारखे फोटो घेऊन झाले. मग सहज किनाऱ्याकडे वळले आणि झूम लांबवत नेला. मासळी उतरवायच्या बैलगाड्या, जाळी, टोपल्या, आणि मग आई.

ती होडीच्या सावलीतून उठून पाण्याच्या कडेला आली होती. चपला हातात. पदर खांद्यावरून घसरलेला, तो तिनं सावरलेला नव्हता. पाणी पावलांवरून गेलं की ती खाली बघायची आणि हसायची. आमच्याकडे बघून हसते तसं ते हसू नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं. माझ्या आयुष्यात मी आईला एकटी असताना कधी पाहिलंच नव्हतं. मी असले की ती आईच असते ना. मागे नांगरलेल्या होड्या अंतरामुळे तिच्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्यासारख्या दिसत होत्या. मी एकामागून एक नऊ फोटो घेतले.

या कॅमेऱ्याला मागच्या बाजूला एक बटण आहे. पूर्ण झूममध्ये काही हरवलं, उडता पक्षी चौकटीतून निसटला, तर ते दाबून धरायचं. भिंग झटकन आखडतं, सगळा परिसर दिसतो, आणि आपण कुठं बघत होतो ते दाखवणारी एक बारीक चौकट मधोमध राहते. बटण सोडलं की भिंग परत तिथंच जातं. पक्षी शोधायला फार उपयोगी. त्या दुपारी मी ते दाबलं. सगळा किनारा, बंदर, आभाळ, आणि मधल्या छोट्या चौकटीत एक ठिपका. बटण सोडलं, आई आली. पुन्हा दाबलं, ठिपका. असं मी किती वेळा केलं कोण जाणे.

संध्याकाळी लिलाव बघून खोलीवर आलो. पापलेट, सुरमईच्या ढिगांभोवतीचा तो गलबला कानात होताच. मी तिला फोटो दाखवले. सुवर्णदुर्ग झाला, बैलगाड्या झाल्या. मग तो फोटो आला. ती पडदा डोळ्यांच्या अगदी जवळ घेऊन बघत होती.

"ही कोण?"

"तू."

ती गप्प झाली. पुढचा, त्याच्या पुढचा असे नऊही फोटो तिनं पाहिले. तिला आवडतील असं मला वाटत होतं. शेवटी तिनं कॅमेरा माझ्या हातात दिला.

"तू वर होतीस?"

"हो."

"मग हाक का नाही मारलीस?"

"इतक्या लांबून ऐकू आली नसती, आई."

"आली असती," ती म्हणाली आणि चादर पांघरून भिंतीकडे तोंड करून झोपली.

रात्री मी पुष्कळ वेळ जागी होते. फोटो पुसून टाकावेत असं एकदा मनात आलं. टाकले नाहीत. ते माझ्याजवळ आहेत आणि मी काढलेल्या सगळ्या फोटोंत ते मला सगळ्यात जास्त आवडतात. दुसऱ्या कुणाला मी ते दाखवत नाही.

सकाळी दापोलीची गाडी साडेनवाला होती. त्याआधी एकदा पाण्याला पाय लावावेत म्हणून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, वाळू ओली आणि घट्ट. आई म्हणाली, "आण तो इकडं. मी काढते तुझा."

बाबा गेल्यापासून माझा फोटो काढायचं असं कुणी म्हणालं नव्हतं. मी दोरी तिच्या मनगटात अडकवली. हे बटण दाबायचं. याच्याभोवतीची ही कडी उजवीकडे फिरवली की जवळ येतं, डावीकडे फिरवली की लांब जातं. तिनं कडी दोन्हीकडे फिरवून पाहिली, नळी पुढे-मागे झाली. "कळलं," ती म्हणाली. मी पंचवीसेक पावलं चालत जाऊन एका होडीला टेकून उभी राहिले.

आईनं कॅमेरा वर धरला. बघितलं. खाली घेतला. मग ती चालायला लागली. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात कॅमेरा छातीशी धरलेला. ओल्या वाळूत तिची पावलं खोल उमटत होती. दहा पावलांवर थांबली, कॅमेरा वर केला, थोडी डावीकडे सरकली, परत खाली घेतला आणि पुन्हा चालायला लागली.

"आई, तिथंच थांब. कडी फिरव, मी येते जवळ."

ती थांबली नाही. माझ्यापासून दोन हातांवर आली. तिला दम लागला होता, तो मला ऐकू येत होता. त्या फोटोत माझं कपाळ अर्धं कापलेलं आहे, खांद्यावर तिची सावली पडली आहे आणि मी काहीतरी बोलत असताना तो निघाला आहे. बटण दाबताना तिनं कॅमेरा थोडा बाजूला केला आणि भिंगातून न बघता सरळ माझ्याकडे पाहिलं.

"हां," ती म्हणाली, "आता दिसलीस."